तीनदा पुकारूनही

सरकारी अर्ज भरायला घाबरणाऱ्या लोकांबद्दल मला आयुष्यभर थोडी तुच्छताच वाटत आली. माझी एकतीस वर्षांची नोकरी 'नियम व नमुने' शाखेत झाली. लोक जे अर्ज भरताना कपाळाला हात लावतात, ते अर्ज तयार करणं हे माझं काम. 'लागू नसेल ते खोडावे' ही ओळ कुठे टाकायची, 'अर्जदार' कुणाला म्हणायचं आणि 'लाभार्थी' कुणाला, कोणता रकाना इतका अरुंद ठेवायचा की माणसाला त्यात स्वतःचं पूर्ण नाव मावू नये, या गोष्टी म्हणजे माझ्या हातचा मळ. त्यामुळे सासूबाईंना सरकारी योजनेतून श्रवणयंत्र मिळवून द्यायचा विषय घरात निघाला, तेव्हा मी वर्तमानपत्र खालीसुद्धा न ठेवता म्हणालो, "आठ दिवसांत आणून देतो."

माझ्या बायकोची स्मरणशक्ती एरवी बेताचीच आहे. पण मी मुदतीसकट दिलेलं आश्वासन ती कधी विसरत नाही. तिने ते कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

सासूबाईंचं वय एक्याऐंशी. तेहतीस वर्षं त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. रिसीव्हर उचलला की पलीकडून एक बाई "नंबर?" असं विचारायची आणि समोरच्या बोर्डात वायर खुपसून आपल्याला जोडून द्यायची, त्या काळातल्या. डाव्या कानावर तेहतीस वर्षं हेडफोन. निवृत्तीनंतर आधी त्या कानाने राजीनामा दिला, आणि मग बहुधा सहानुभूती म्हणून उजव्यानेही. आता समोरासमोर, उजव्या बाजूने, एकाच माणसाने खणखणीत बोललं तर त्यांना कळतं. फोनवर मात्र काहीच नाही.

चार वर्षांपूर्वी त्या आमच्याकडे राहायला आल्या. जावई म्हणजे दहावा ग्रह असं म्हणतात, पण आमच्या घरात मी फार तर एखादा चुकार धूमकेतू असेन. माझ्याविषयीचं त्यांचं मत त्यांनी लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी लेकीला सांगितलं होतं : "माणूस बोलतो खूप, पण लाईन लागत नाही." गेली तीस वर्षं त्यात काही फेरफार झालेला नव्हता.

दर गुरुवारी चार वाजता त्यांना एक फोन येतो. एक्स्चेंजमध्ये सव्वीस वर्षं त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या बाईंचा. सासूबाई त्यांना 'माझी बाजूची' म्हणतात. ती बाजूची आता दूरच्या गावी मुलाकडे राहते. दोघींनी एकमेकींना पाहून अकरा वर्षं झाली आहेत. नियम असा की पहिली पंधरा मिनिटं सासूबाईंनी बोलायचं, नंतरची पंधरा बाजूचीने. ऐकू येईनासं झाल्यापासून त्या पंधरा मिनिटांचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला आणि त्यावर माझी नेमणूक झाली. आमची मुलगी लहान असतानाची दगडी पाटी माळ्यावरून काढली. फोन मी कानाला लावायचा आणि बाजूची जे बोलेल ते पाटीवर लिहून सासूबाईंना दाखवायचं.

मी हे काम माझ्या लौकिकाला साजेसंच केलं. पहिल्या गुरुवारी बाजूची पंधरा मिनिटं अखंड बोलली आणि मी पाटीवर लिहिलं :

'१) गुडघा : जैसे थे. २) सून : सुधारणा नाही. ३) हवामान : सर्वसाधारण. ४) इतर विषयांतर.'

विषयांतर फारच होतं. सासूबाईंनी गुडघ्याबद्दल विचारलं की बाजूची दाराला नवा रंग लावल्याचं सांगायची. मी ते वयावर सोडून दिलं. सासूबाईंनी पाटी वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली.

"पंधरा मिनिटं बोलत होती ती. एवढंच बोलली?"

"सारांश आहे, आई," मी त्यांच्या उजव्या कानाशी ओरडलो.

"जावईबापू, मला तिच्या बातम्या नकोत. मला तिचा आवाज हवाय. सव्वीस वर्षं तो माझ्या कानाशी होता."

त्या असं काही मागतील असं मला कधी वाटलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे आजवर काहीच मागितलं नव्हतं, बाटलीचं झाकणसुद्धा त्या स्वतः उघडतात. त्याच संध्याकाळी मी योजनेचं माहितीपत्रक आणलं. त्यावर मोठ्या अक्षरात 'मोफत' असं छापलेलं होतं. ते पाहताच सासूबाईंनी कागद बाजूला सारला.

"मी दान घेत नाही."

"दान नाही, आई. सत्तरीनंतर प्रत्येकाचा हक्क आहे हा. कायद्यात आहे."

"तेहतीस वर्षं सगळ्या गावाच्या बोलण्याला मी कान दिला. आता गावाने मला एक दिला तर फिटंफाट होईल. हक्काचं असेल तर रांगेत उभी राहते."

मग मी ते आठ दिवसांचं वाक्य बोललो.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त विमा एजंट राहतात. प्रत्येक वाक्य ते 'माझा अनुभव असा आहे' असं सुरू करतात, म्हणून सगळी इमारत त्यांना 'अनुभव' म्हणते. मी अर्ज आणल्याची बातमी त्यांना जिन्यातच लागली आणि चहा टाकायच्या आत ते आमच्या खुर्चीत होते.

"माझा अनुभव असा आहे," ते म्हणाले, "की पहिल्या अर्जाकडे कुणी बघत नाही. म्हणून एकदम दुसराच अर्ज करायचा."

"पहिला न करता दुसरा कसा करणार?"

"तेच तर कौशल्य आहे. आणि हे बघा, तिथे गेल्यावर आईंना अजिबात ऐकू येत नाही असं दाखवायला सांगा."

"अहो, त्यांना खरंच ऐकू येत नाही."

"असेल. पण दाखवायला लागतं. नुसतं खरं असून भागत नाही."

मी त्यांना हसून घालवलं. चुकलं माझं. या माणसाचं आयुष्यात एकच वाक्य खरं ठरायचं होतं आणि ते त्याने त्या दिवशी माझ्या चहावर खर्च केलं.

अर्ज नऊ पानी होता. खोटं कशाला सांगू, तो वाचताना मला बरं वाटलं. रकान्यांची आखणी, कंसातल्या सूचना, तळटीपा, सगळं आमच्या शाखेच्या शिस्तीतलं. तिसऱ्या पानावर होतं : 'दूरध्वनी क्रमांक (अर्जदाराचाच असावा. नातेवाइकाचा ग्राह्य धरला जाणार नाही).'

"अहो, तुमचा घाला," बायको म्हणाली. "आईला फोनवर ऐकू येत नाही."

"नियम म्हणजे नियम. अर्जदाराचाच म्हटलंय."

"मग ते फोन करतील तेव्हा?"

"कशाला करतील फोन? लेखी कळवतील. मला माहीत आहे ना कार्यालयीन पद्धत!"

सासूबाईंचा मोबाइल नंबर मी वळणदार अक्षरात लिहिला आणि अर्ज देऊन आलो. पोच घेतली. तिच्या दोन झेरॉक्स काढल्या आणि एक 'अनुभव' यांना नेऊन दाखवली, विनाकारण.

आठ दिवस झाले. बायकोने कॅलेंडरवरच्या तारखेला गोल केला. पंधरा दिवस झाले, तिने गोलाला गोल केला. बाविसाव्या दिवशी पत्र आलं. मी ते मोठ्याने वाचायला घेतलं.

'अर्जदाराशी दूरध्वनीवरून तीन वेळा संपर्क साधण्यात आला. अर्जदाराने तिन्ही वेळा स्पष्ट, सविस्तर व आनंदाने संभाषण केले. सबब श्रवणदोष आढळून येत नाही. अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'

"आई," मी उजव्या कानाशी ओरडलो, "तुम्हाला कुणाचे फोन आले होते का?"

"आले होते की तीनदा. फोनचा दिवा लागला, मी उचलला."

"मग?"

"मग काय, बोलले. कोणीतरी चौकशीच करत असणार. मी बरी आहे म्हणून सांगितलं, लेकीचं सांगितलं, तुमचंही थोडं सांगितलं. मध्ये मध्ये 'हो का', 'बरं बरं' म्हटलं. समोरच्याला बोलायला जागा द्यायची, हे एक्स्चेंजमध्ये पहिल्या दिवशी शिकवायचे." त्यांनी मान ताठ केली. "फोनवर मला ऐकू येत नाही हे अजून कुणाला ओळखता आलेलं नाही."

आता या बाईंवर रागवायचं कसं? तेहतीस वर्षांची शिकवण अंगात इतकी मुरलेली की बहिरेपणातसुद्धा त्या कामात कसूर करत नव्हत्या. 'अनुभव' संध्याकाळी येऊन गेले. नुसतं पत्र वाचून माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि ते फार वाईट होतं.

मी अपील केलं. अपिलाचा मसुदा असा केला की मलाच तो दोनदा वाचावासा वाटला. तपासणीची तारीख मिळाली आणि मी आणि सासूबाई केंद्रावर गेलो.

केंद्राचा हॉल लांबट आणि उंच छताचा. एकमेकींना जोडलेल्या लोखंडी खुर्च्यांच्या दहा रांगा, डोक्यावर कण्हणारे चार पंखे आणि पार पुढच्या टोकाला एक काचेची खिडकी. काचेला अर्धगोल भोक, त्यामागे एक बाई. खिडकीतल्या बाईंचा घसा बसलेला होता. शेजारी कोमट पाण्याचा थर्मास. दिवसाला साठ नंबर, प्रत्येकी तीन वेळा पुकारायचे, घसा बसेल नाहीतर काय होईल. दारावर पाटी होती : 'सोबत्यांनी काचेच्या दाराबाहेर थांबावे.' त्याखाली दुसरी : 'काच वाजवू नये.'

सासूबाईंचा नंबर सत्तावीस. त्या आत जाऊन सहाव्या रांगेत ताठ बसल्या, पर्स मांडीवर, इस्त्रीची साडी, केसांना एकच पिन. मी बाहेर थांबलो.

साडेअकराच्या सुमारास अर्धगोलातला बारीक आवाज दाराच्या फटीतून माझ्यापर्यंत आला, "सत्तावीस."

कुणी उठलं नाही. साठ म्हातारी माणसं त्या हॉलमध्ये बसली होती, सगळी ऐकू येत नाही म्हणून आलेली, आणि त्यांना त्या पंख्यांच्या आवाजातून नंबर पुकारून बोलावलं जात होतं.

"सत्तावीस."

मी काचेपलीकडून हात हलवले. सासूबाई समोर बघत होत्या. काच वाजवून खिडकीतल्या बाईंचं लक्ष वेधायला मी बोट वर केलं आणि डोळे पाटीवर गेले. एकतीस वर्षांची सवय. बोट आपोआप खाली आलं.

"सत्तावीस. गैरहजर."

एक वाजता हॉल रिकामा झाला तेव्हा सासूबाई बाहेर आल्या. "आज आपला नंबर काही आला नाही वाटतं," असं म्हणाल्या. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. एक बोट काचेवर आपटायचं होतं फक्त, तेवढंही माझ्याच्याने झालं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज मी रिक्षा शोधण्याच्या गडबडीत लपवली.

पण जाण्याआधी मी सूचनाफलक वाचला. तो वाचल्याशिवाय मी कुठल्याच कचेरीतून बाहेर पडत नाही. त्यावर नियम चौदा चिकटवलेला होता :

'तीनदा पुकारूनही अर्जदार हजर न झाल्यास, त्यास स्वारस्य नाही असे समजून अर्ज निकाली काढावा; फेरतपासणीची संधी एकदाच देय राहील.'

'स्वारस्य नाही असे समजून'. आणि तो अर्धविराम! तो अर्धविराम मी जगाच्या पाठीवर कुठेही ओळखला असता. बावीस वर्षांपूर्वी तो मीच टाकला होता, तिथे पूर्णविराम हवा म्हणणाऱ्या उपसचिवांशी दोन दिवस भांडून. सगळ्या खात्यांना लागू झालेला नियम. एका वर्षात प्रलंबित प्रकरणं चाळीस टक्क्यांनी घटली. मला प्रशस्तिपत्र मिळालं. ते आमच्या बैठकीच्या खोलीत, दारातून आल्यावर बरोबर नजरेसमोर, फ्रेम करून लावलेलं आहे.

घरी आल्यावर मी त्या फ्रेमच्या खाली पाठ करून बसलो. सासूबाईंनी मी उतरवून आणलेला नियम वाचला. मग उठून माझ्या डोक्यावरची फ्रेम वाचली. त्यांना ते आठवत असणारच. बावीस वर्षांपूर्वी मी तो मसुदा त्यांच्या घरी, जेवणाआधी, सर्वांना वाचून दाखवला होता. दोनदा.

"वाक्य चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "लिहिताना कुणाला विचारलं होतंत का?"

"काय?"

"ऐकू येतं का म्हणून."

चाळीस टक्के प्रकरणं घटली होती ती कोणाची, हे मी बावीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. मला वाटत आलं होतं की ती माझ्या अर्धविरामाने घटली.

संधी एकदाच देय होती. ती हुकली की संपलं. दर गुरुवारी पाटी, गुडघा जैसे थे. बायकोने या वेळी कॅलेंडरवर काहीच लिहिलं नाही. 'अनुभव' म्हणाले, "माझा अनुभव असा आहे की दुसऱ्या वेळी..." आणि माझा चेहरा बघून म्हणाले, "असू दे."

फेरतपासणीच्या दिवशी सासूबाईंचा नंबर एक्केचाळीस होता. घरातून निघताना त्यांनी पिशवीत ती दगडी पाटी घातली. मी खुणेने विचारलं, कशाला? "असू दे," त्याही म्हणाल्या.

आत गेल्यावर त्या सहाव्या रांगेत बसल्या नाहीत. सरळ पुढे गेल्या, भिंतीशी पडलेलं एक स्टूल उचललं आणि खिडकीला खेटून ठेवलं.

"आजी, मागे बसा," खिडकीतल्या बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. दाराची फट उघडी होती, मला सगळं ऐकू येत होतं.

"बाई, तुमच्या घशाची काय दशा झालीय! गरम पाण्याने काही होणार नाही, बोलणं थांबवा. तुम्ही फक्त फाईल दाखवा. पुढचं मी बघते."

"अहो पण तसा नियम..."

"पुकारायचं तुम्ही. मी नुसती जोडून देते."

बाईंनी क्षणभर पाहिलं, मग थर्मासकडे पाहिलं आणि पहिली फाईल काचेला टेकवली. सासूबाईंनी पाटीवर मोठा आकडा काढला, उभ्या राहिल्या आणि पाटी डोक्यावर धरली. वर तो आवाज लावला. मी तो कधी ऐकला नव्हता. पातळ, स्वच्छ, हॉलच्या टोकापर्यंत जाणारा.

"नंबर एक, लाईन मोकळी आहे. आत जावं."

दुसऱ्या रांगेतला एक काठीवाला म्हातारा पाटी बघून असा उठला, जणू त्याला नोकरीत बढती मिळाली. मग दोन. मग तीन. मागच्या रांगांतल्या माना वर झाल्या. लोक चष्मे सारखे करू लागले. एक आजी उठताना शेजारणीला सांगत होत्या, "दुसऱ्यांदा आलेय मी. आज पहिल्यांदा नंबर आला." नंबर काय पहिल्यांदा येत होता? तो मागच्या वेळीही आला होता. माझ्या नियमाने तो त्यांच्या डोक्यावरून नेला होता.

काचेबाहेर आम्ही वीस-पंचवीस सोबती नाकं टेकवून उभे होतो. शेजारच्या माणसाने विचारलं, "त्या बाई कोण हो? इथल्या अधिकारी आहेत का?"

"माझ्या सासूबाई," मी म्हणालो. हे दोन शब्द मी आयुष्यात पुष्कळदा उच्चारले आहेत, पण छाती काढून त्या दिवशीच.

बाराच्या सुमारास आतून केंद्राचे साहेब घाईघाईने बाहेर आले. त्यांच्या चेहऱ्यावर खरीच काळजी होती. "आज सगळे हजर कसे काय? एकही गैरहजर नाही? एवढ्या तपासण्या होणार कशा?" कारण सरळ होतं. साठ जणांना बोलवायचं आणि पंचवीस जणांना तपासायचं, असं ते केंद्र वर्षानुवर्षं चाललं होतं. मधले पस्तीस नियम चौदा खात होता.

आणि तेवढ्यात खिडकीतल्या बाईंनी पुढची फाईल काचेला टेकवली. सासूबाईंनी आकडा काढून पाटी वर धरली.

"नंबर एक्केचाळीस, लाईन मोकळी आहे."

कुणी उठलं नाही.

"एक्केचाळीस!" त्यांनी पाटी डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली. "कोण आहे एक्केचाळीस?"

मी काचेबाहेर दोन्ही हात हलवायला लागलो. माझ्याकडे त्यांनी एक नजर टाकली, गर्दीतल्या फुकट्याकडे टाकावी तशी, आणि पुन्हा हॉलकडे वळल्या. "लोकांना वेळेची काही किंमतच नाही," त्या खिडकीतल्या बाईंना म्हणाल्या. बाईही आपल्या कामाच्या. मान खाली घालून त्यांनी दुसरा पुकारा केला. साहेब घड्याळाकडे बघत होते. त्यांना एक तरी गैरहजर हवाच होता.

मी दार ढकललं.

"साहेब," दरवानाने हात आडवा धरला, "सोबत्यांना आत सोडायचं नाही. नियम आहे."

"माहीत आहे," मी म्हणालो. "असले नियम मीच लिहिलेत."

दरवानाला याचं उत्तर कुठल्याच परिपत्रकात सापडेना. तेवढ्यात मी त्याच्या हाताखालून आत शिरलो. मधल्या वाटेने जाताना एका छत्रीला अडखळलो, एक चप्पल मागे राहिली, ती तशीच टाकली आणि सासूबाईंसमोर जाऊन त्यांच्या हातातली पाटी फिरवून त्यांच्याच तोंडासमोर धरली.

त्यांनी आकडा वाचला. मग पर्समधली चिठ्ठी काढून वाचली.

"अगंबाई," त्या म्हणाल्या. "हा तर माझा."

"एक्केचाळीस हजर आहे!" मी खिडकीकडे बघून असा ओरडलो की त्या हॉलमधल्या चार-पाच जणांना ते खरोखर ऐकू गेलं असावं.

सासूबाईंनी स्टूल बाजूला केलं, पाटी खिडकीतल्या बाईंच्या हाती दिली आणि मला म्हणाल्या, "ऑपरेटरला कधी स्वतःचा फोन येत नाही हो. सवयच नाही." त्या आत गेल्या तेव्हा माझे डोळे भरून आले. एका पायात चप्पल नसलेल्या माणसाला रडणं शोभत नाही, म्हणून मी साहेबांकडे वळलो.

साहेब चांगलेच तापले होते. "तुम्ही सोबती ना? आणि ही पाटीची काय भानगड? पुकाऱ्याचा नियम फार विचारपूर्वक केलेला आहे. कुणीतरी डोकेबाज माणसाने लिहिलाय तो. त्याच्यावर केंद्र चालतं."

डोकेबाज! निवृत्तीनंतर सात वर्षांत माझ्या कामाला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं ते नेमकं इथे. मी कबूल केलं पाहिजे की अर्धा क्षण मला गुदगुल्या झाल्या.

"तो डोकेबाज माणूस मीच," मी म्हणालो. "आणि तो नियम वाईट आहे, साहेब. ऐकू न येणाऱ्याला हाक मारायची आणि तो आला नाही की त्याला गरज नाही असं ठरवायचं, याला डोकं लागत नाही. ही माणसं इथे मेहेरबानी मागायला येत नाहीत. जागा पंचवीस असतील तर पंचवीस बोलवा, बाकीच्यांना पुढची तारीख द्या. पण हजर माणसाला गैरहजर लिहू नका. एक कोरा कागद द्या."

मी तिथेच, खिडकीच्या कट्ट्यावर, सुधारणा लिहिली : 'अर्जदारास समजेल अशा रीतीने पुकारावे. तसे पुकारले जाईपर्यंत तो हजर आहे व त्यास स्वारस्य आहे असे समजावे.' खाली सही, हुद्दा, त्यापुढे 'निवृत्त'. अर्धविराम एकही नाही.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "वर पाठवावं लागेल," ते म्हणाले, पण आवाज उतरला होता. मग खिडकीकडे वळून म्हणाले, "तोवर ती पाटी राहू दे इथे." वर गेलेला कागद खाली कधी येतो हे मला एकतीस वर्षांच्या नोकरीने शिकवलेलं आहे, त्यामुळे मी त्याची वाट बघत बसलेलो नाही. पाटी मात्र अजून खिडकीला टांगलेली आहे. खिडकीतल्या बाईंचा घसा मोकळा झाला, असं ऐकतो.

आत तपासणीच्या खोलीत काय झालं ते तपासणाऱ्या बाईंनीच हसत सांगितलं. कानाला हेडफोन लावला होता आणि आवाज आला की बोट वर करायचं असं समजावलं होतं. सासूबाईंनी एकदाही बोट वर केलं नाही. मोठा आवाज कानात शिरला की त्या कंबर ताठ करून विचारायच्या, "नंबर?"

पुढच्या महिन्यात यंत्र आलं. ते कानात बसवल्यावर सासूबाईंनी घरभर फिरून सगळे आवाज तपासले आणि मला बोलावून सांगितलं, "तुम्ही पुटपुटता. चार वर्षं काय पुटपुटत होता ते आता विचारत नाही." ती भिंतीवरची फ्रेम मी उतरवायला गेलो तर त्यांनी अडवलं. "राहू दे. खाली सुधारणा चिकटवा." सुधारणेची प्रत आता प्रशस्तिपत्राखाली आहे. 'अनुभव' रोज ती वाचतात आणि पाहुण्यांना सांगतात की ही कल्पना त्यांची होती.

गुरुवारी चार वाजता फोन वाजला. मी सवयीने नवी पाटी घेऊन उभा राहिलो. सासूबाईंनी मला बाजूला केलं, फोन उचलला आणि या वेळी आपली पंधरा मिनिटं बोलल्याच नाहीत. नुसत्या ऐकत राहिल्या. त्यांचा चेहरा असा झाला होता की मी आणि बायको स्वयंपाकघराच्या दारात उभे होतो ते तिथून हललोच नाही.

मग त्यांनी विचारलं, "गुडघा कसा आहे ग?"

थांबल्या. कपाळाला आठी पडली.

"अगं, गुडघा! गुडघा विचारतेय मी!"

पुन्हा थांबल्या. मग तळहाताने फोनचं तोंड झाकलं, जुन्या सवयीने, आणि माझ्याकडे बघितलं. त्यांचा आवाज पार खाली आला होता.

"जावईबापू, हिला ऐकू येत नाही."

"काय?"

"एक शब्दही नाही. मी 'हो का' म्हणायच्या आतच ही 'बरं बरं' म्हणतेय. मला ते ओळखू येणार नाही होय?" त्यांनी डोळे पुसले. "केव्हापासून कोण जाणे. काही ऐकू येत नाही आणि दर गुरुवारी चारला न चुकता फोन लावते, मी बोलायची थांबले असेन एवढा अंदाज घेते आणि बोलते."

आणि मी त्याला विषयांतर म्हटलं होतं.

सासूबाईंनी फोनवरचा हात काढला. पलीकडे काही पोचणार नाही हे माहीत असूनही त्यांनी तो एक्स्चेंजचा आवाज लावला.

"काळजी करू नकोस. आमच्याकडे नियम लिहिणारा माणूस आहे. जावई आहेत माझे. वेळ आली की मोडतातही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कोरा अर्ज आहे ना घरात?"

टेबलाच्या खणात पाच होते. मी एक काढला, बाजूचीचं नाव अरुंद रकान्यात कसंबसं बसवलं आणि तिसऱ्या पानावर आलो. 'दूरध्वनी क्रमांक (अर्जदाराचाच असावा).' पेनाची शाई जरा झटकली आणि वळणदार अक्षरात तिथे माझा स्वतःचा नंबर लिहिला.